घरट्यावरचा लाइव्ह कॅमेरा पाहताय? या चुका टाळा

"रोज सकाळी लावते, नुसता अंधार दिसतो. कॅमेरा बिघडलाय का?" शिकारी पक्ष्यांची घरटी ऑनलाइन पाहायला लागलेल्या ठाण्या-नवी मुंबईकरांची पहिली तक्रार बहुधा हीच. कॅमेरा ठणठणीत असतो, आपली वेळ चुकलेली असते.

बहुतेकांची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर व्हॅलीतल्या जॅकी (मादी) आणि शॅडो (नर) या बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडांच्या, जोडीपासून होते. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे. ठाण्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ उलटून साडेसात झालेले असतात. फेब्रुवारीतली तिथली सकाळ पाहायची तर रात्री साडेआठला, जेवणं आटपताना लावा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेबारावर येतो. 'सकाळी ७ ला घास भरवला' अशी तिकडची नोंद वाचून हिशेब मांडणारे तेव्हा हमखास फसतात. न्यूयॉर्क राज्यात इथाकाला कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातल्या रेड-टेल्ड हॉक या शिकारी पक्ष्याच्या घरट्यावरचा कॅमेरा आहे. एप्रिलमध्ये तिथले सकाळचे साडेसहा म्हणजे आपले दुपारचे ४, चहाची वेळ.

हाच हिशेब नकली लाइव्ह ओळखायलाही कामी येतो. जुनं रेकॉर्डिंग फिरवून फिरवून 'लाइव्ह' म्हणून दाखवणारे चॅनल बरेच आहेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले असताना इथाकातलं घरटं लख्ख उन्हात दिसलं, तर सरळ बंद करा. तिकडे रात्रीचे २ वाजलेले असतात. चित्रावर तारीख-वेळ असेल तर आधी ती बघा.

चित्र अडकलं, लिंक मेली

व्हिडिओ मध्येच थांबवून पुन्हा चालू केला की आपण मागेच राहतो आणि चॅटमधले लोक भलतंच काय बोलताहेत ते कळत नाही. 'लाइव्ह'वर बोट ठेवलं की गाडी रुळावर. कालची लिंक आज उघडत नसेल तर प्रक्षेपण नव्याने सुरू झालं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा व्हिडिओ जपून ठेवू नका, चॅनल जपा. प्रवासात बोगद्यात चित्र गोठलं तर त्यात गरुडाचा दोष नाही. मोबाइल डेटावर पाहताना दर्जा ४८०पी ठेवा, नाहीतर घणसोली येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला. रात्रीचं चित्र कृष्णधवल दिसतं ते इन्फ्रारेडमुळे. पक्ष्यांच्या डोळ्यांवर दिवा मारलाय म्हणून कळवळून लिहू नका, तो प्रकाश त्यांना दिसत नाही.

घरट्याची मालिका करू नका

माझ्या मते खरा घोळ इथे होतो. अंडी सोडून पक्षी उठला की 'टाकून गेली' अशी बोंब उठते. सगळी अंडी घालून होण्याआधी जोडी पूर्ण वेळ उबवायला बसतेच असं नाही, आणि नंतरही थोड्या वेळाच्या सुट्ट्या चालतात. मोठा दिसतो तो बाबा, हाही एक ठरलेला गैरसमज. गरुड, ससाणे, घारी यांच्यात मादीच थोराड असते. बाल्ड ईगलमध्ये नरही अंड्यांवर बसतो, त्यामुळे बसलेली ती आईच असंही धरून चालू नका.

बाल्ड ईगलचं अंडं सुमारे ३५ दिवस उबवलं जातं. त्यावर पहिली भेग दिसली की लोक रात्र जागवायला घेतात. भेगेपासून पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात. झोपा, सकाळी ऑफिस आहे.

अंडी काही दिवसांच्या अंतराने घातली जातात, म्हणून पिल्लंही मागेपुढे जन्मतात. थोरलं धाकट्याला टोचतं, घास आधी पळवतं. कोवळ्या दिवसांत हे चालायचंच, आणि अन्न कमी पडलं तर धाकटं दगावतंही. उपाशी आहे का हे ठरवताना किती वेळ भरवलं नाही ते मोजत बसू नका. गळ्याखालची पिशवी फुगलेली आहे का ते बघा. फुगलेली असेल तर शिधा अजून शिल्लक आहे.

'कोणीतरी वर चढून वाचवा' असे संदेशही पाठवू नका. अमेरिकेत बाल्ड ईगलला १९४० च्या कायद्याचं संरक्षण आहे, घरट्याला त्रास देणं हा गुन्हा. २०२४ मध्ये जॅकीच्या तिन्ही अंड्यांतून पिल्लं बाहेर आलीच नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये तीन पिल्लं झाली आणि त्यातलं एक बर्फाच्या वादळात गेलं. उरलेली दोन, सनी आणि गिझ्मो, जूनमध्ये उडाली. असं सगळं पाहायची तयारी नसेल तर निवडक क्लिपा पाहिलेल्या बऱ्या. लहान मुलांना शेजारी बसवताना खारीचे तुकडे होताना दिसणार, हे आधी सांगून ठेवा.

कॅमेऱ्यावरून खाडीवर

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी दिसला की 'वेल्सच्या कॅमेऱ्यावरचाच तो' असं कोणीतरी म्हणतंच. ब्रिटनमधले ऑस्प्रे हिवाळ्याला मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत जातात. आपला पाहुणा दुसरीकडचा.

सोसायटीतल्या झाडावर घारीचं घरटं दिसलं की मोबाइल काठीला बांधून वर धरण्याचा किंवा ड्रोन उडवण्याचा मोह आवरा. घार डोक्यावर झडप घालते, आणि घाबरून घरटं सोडलं तर पिल्लं उन्हात तळतात. गच्चीवरून दुर्बिणीने बघा, तेही लांबूनच. पिल्लू खाली पडलं तर पाणी किंवा दूध पाजू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा, झाकण लावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.