गिनी-बिसाऊत काजूच्या कामाला जायचंय? आधी ही तयारी करा

आमच्या वेंगुर्ल्या-कुडाळकडची ॲग्रीची पोरं हल्ली विचारतात, ताई, आफ्रिकेत विकास सहकार्याच्या प्रोजेक्टवर जायचं तर काय शिकून जाऊ? मी गेली १५ वर्षं बचत गटाच्या बायकांबरोबर काजूचं युनिट चालवतेय, तिकडे जाणाऱ्यांना ट्रेनिंग देते, म्हणून एकदाच नीट लिहिते. उदाहरण गिनी-बिसाऊचं घेते, कारण तिथलं काजू, खाजण (म्हणजे खाडीकाठची खारी जमीन), पाऊस सगळं आपल्यासारखंच आहे.

देश आपल्या कोकण विभागाहून थोडासाच मोठा, वस्ती २० लाखांच्या आसपास, बहुतेक लोक शेतीवर. १९७४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. परदेशातून येणाऱ्या पैशातला बहुतांश एकट्या काजूचा, आणि ती बी जवळपास सगळी कच्चीच भारत नाहीतर व्हिएतनामला जाते. म्हणजे फोडणं, सोलणं, ग्रेडिंग या सगळ्याची मजुरी दुसऱ्या देशात मिळते. तुम्ही जाताय ते ही मजुरी तिथल्या गावात राहावी म्हणून, हे डोक्यात पक्कं ठेवा. आपल्याकडचे काही कारखानदार म्हणतात की तिकडे प्रोसेसिंग वाढलं तर आपल्याला आफ्रिकेची बी महाग पडेल. पडेलही. तरी मला वाटतं ज्याच्या झाडाची बी त्याला दोन पैसे जास्त मिळालेच पाहिजेत, आपण आपल्या बागायतदारासाठी हेच मागतो ना?

वेळ नीट निवडा. काजू तिथेही मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत, मग पाऊस, मग भाताची लावणी. बी गोळा करायच्या दिवसांत ट्रेनिंग ठेवलं तर एकही बाई येणार नाही, आपल्याकडे तरी कोण येतं मे महिन्यात? भात कापून झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जा.

आता मशीन. आमच्या गटाला एकदा एका स्कीममधून मोठं ऑटोमॅटिक कटिंग मशीन मिळालं, पहिल्याच सीझनला ब्लेड गेलं, नवीन यायला आठ महिने लागले, तोवर आम्ही हाता-पायाच्या कटरवरच माल काढला. हे वेंगुर्ल्यात, जिथे मेकॅनिक एका फोनवर येतो. तिथे तर बहुतेक गावांत लाईटच नाही आणि पावसात रस्तेही जातात. म्हणून हाता-पायाचा कटर, साधा बॉयलर ज्यात टरफलंच जाळता येतात, आणि गावातल्या लोहाराला घडवता येईल असंच ब्लेड. जायच्या आधी कटर स्वतः पूर्ण खोलून परत जोडा, निदान दहा वेळा. टरफलाच्या चिकाने हात भाजतात, तेव्हा ग्लोव्हज किंवा तेल-राख लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, हे सांगायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या बायका येणार नाहीत आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, फुकट जातो असं समजून शिकवायला जाऊ नका, त्याची दारू त्या बायका आधीपासून काढतात आणि ती त्यांच्या हातची कमाई असते.

भाताचं विसरू नका. काजूच्या बदल्यात तांदूळ घेणारी घरं तिथे भरपूर आहेत, त्यामुळे काजूचा भाव पडला की थेट ताटातला भात कमी होतो. तिथले बालांता लोक कांदळवनातली जमीन बांध घालून भाताखाली आणतात, त्या शेताला बोलान्या म्हणतात, आणि पाणी सोडायला पोकळ खोडाची नळी ठेवतात. आपल्या खाजणाची उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, डोळ्यासमोर आणा, तेच तत्त्व, पावसाने मीठ धुवायचं आणि भरतीला बाहेर ठेवायचं. बांधाला खांड पडली की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन गेली. निघण्याआधी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात जाऊन बघा, पण बियाणं घेऊन तिथे उतरू नका, आधी त्यांचा बांध त्यांच्याकडूनच समजून घ्या, त्या कामात ते आपल्या पुढे आहेत.

सरकारचं काय? १९८०, १९९९, २००३, २०१२ आणि २०२५, इतक्या वेळा तिथे बंदुकीच्या जोरावर सत्ता पालटली. मंत्र्याच्या सहीवर अख्खा प्रोजेक्ट उभा केलात तर सही करणारा माणूसच उद्या नसेल. परवानगी घ्याच, पण कटर, हिशेबाची वही आणि किल्ली गावातल्या बायकांच्या गटाच्या नावावर ठेवा. गावाला ताबांका म्हणतात, तिथल्या जुन्या जाणत्यांना भेटल्याशिवाय काम सुरू करू नका. कामकाज पोर्तुगीजमध्ये, पण बोलणं क्रिओल या तिथल्या बोलीत. 'कुमा दि कुर्पु?' म्हणजे तब्येत कशी, आपल्या 'बरा मां?' सारखं, आणि उत्तर ऐकायला थांबा.

पैशासाठी भारत-ब्राझील-दक्षिण आफ्रिकेचा इब्सा फंड माहिती असू दे, २००४ मध्ये सुरू झाला आणि त्याचं पहिलं काम गिनी-बिसाऊतच झालं, शेती आणि पशुपालनाचं. तिथल्या लोकांना इकडे शिकायला आणायचं असेल तर आयटेक ही भारत सरकारची ट्रेनिंगची योजना आहे, १९६४ पासून, खर्च सरकारच करतं, अर्ज तिथूनच यावा लागतो.

यलो फीव्हरची लस निघायच्या निदान १० दिवस आधी, मुरगाव किंवा मुंबईच्या पोर्ट हेल्थला (बंदराच्या सरकारी आरोग्य कार्यालयात) मिळते, सर्टिफिकेट परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि बॅगेत कपडे कमी करून कटरचे स्प्रिंग आणि ब्लेडचे दोन जास्तीचे सेट टाका, एक वापरायला, एक त्या लोहाराला नमुना म्हणून द्यायला.