चौथा भिडू : खेळाचे अ‍ॅप बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी प्रकल्प म्हणून खेळासाठी भिडू मिळवून देणारे अ‍ॅप बांधायला घेतले. पुण्यात कर्वेनगरातील एका बॅडमिंटन हॉलमध्ये संध्याकाळी सात ते आठ कोर्ट आम्ही चौघांत मिळून घेत असू आणि आठवड्यातून एकदा तरी चौथा ऐनवेळी 'सबमिशन आहे' म्हणून टांग देई. मग दोघांनी एकेरी खेळायचे, तिसऱ्याने बाकावर बसायचे आणि कोर्टाचे पैसे मात्र पूर्ण भरायचे. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतील इंग्रज अधिकारी ज्या खेळाला 'पूना' म्हणत, तोच खेळ पुण्यात चौथ्या माणसावाचून अडावा, हे आम्हाला फारच लागले.

पहिली चूक हावरेपणाची होती. आम्ही सात खेळ घेतले आणि सगळे पुणे घेतले. ३२० विद्यार्थ्यांनी नोंदणी केली तेव्हा आम्ही खूश होतो, पण हा आकडा सात खेळांत, मग वाघोलीपासून बावधनपर्यंतच्या भागांत आणि शेवटी सकाळ-संध्याकाळच्या वेळांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला रिकामा पडदाच येतो, आणि दोनदा रिकामा पडदा पाहिलेला माणूस तिसऱ्यांदा अ‍ॅप उघडत नाही. शेवटी आम्ही फक्त बॅडमिंटन, दोनच हॉल आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढेच ठेवले. मार्गदर्शक सरांना हे प्रकल्प 'लहान' केल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात भिडू मिळू लागले ते त्यानंतरच.

अंतराचा हिशेबही असाच फसला. अक्षांश-रेखांशांवरून हॅव्हरसाइन सूत्राने अंतर काढणे सोपे असते, परंतु ते पक्ष्याच्या वाटेचे असते. कोथरूडमधल्या मुलाला आमचे अ‍ॅप पाषाणच्या पंचवटीतला भिडू 'अगदी जवळ' म्हणून दाखवी, आणि दोघांच्या मध्ये अख्खी वेताळ टेकडी उभी असे. दुचाकीवरून जायचे तर सेनापती बापट रस्त्याने किंवा चांदणी चौकाकडून वळसा. त्यापेक्षा 'तुम्ही कोणत्या हॉलला येऊ शकता?' असा साधा प्रश्न विचारावा. त्यामुळे कुणाच्या घराचा ठावठिकाणा साठवावा लागत नाही, हा फायदा आम्हाला उशिरा कळला.

उशिरा म्हणण्याचे कारण असे की पहिल्या आवृत्तीत आम्ही प्रत्येकाचा फोन नंबरही दाखवत होतो. वर्गातल्या एका मैत्रिणीला रात्री साडेअकराला अनोळखी मुलांचे 'हाय' येऊ लागले, तेव्हा तिने आम्हाला कॅन्टीनमध्ये गाठून, सर्वांसमोर, योग्य शब्दांत झापले. त्याच रात्री नंबर काढून टाकला, संभाषण अ‍ॅपच्या आत आणि सामना ठरल्यावरच उघडेल असे केले, आणि मुलींना हवे असल्यास फक्त मुलींनाच दिसण्याची सोय दिली. हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

तांत्रिक बाजूने फ्लटर (अ‍ॅप बांधण्याचे साधन) आणि फायरस्टोअर (माहिती साठवणारा गूगलचा ऑनलाइन डेटाबेस) ही जोडी विद्यार्थ्यांना परवडते, पण मोफत मर्यादा नीट समजून घ्यावी. फायरस्टोअरमध्ये दिवसाला ५०,००० वाचने मोफत असतात आणि प्रत्येक नोंद वाचली की एक वाचन मोजले जाते. आमचा मुख्य पडदा उघडताना सर्व ३२० नोंदी मागवत असे. म्हणजे अ‍ॅप दीडशे वेळा उघडले की दिवसाचा कोटा संपला. त्यातही तो मोजला जातो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे, त्यामुळे आपल्याकडे नवा दिवस दुपारी साडेबारा-दीडला सुरू होतो. परिणामी ऐन खेळाच्या वेळी अ‍ॅप मान टाकी आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कुणालाच नको असताना, ठणठणीत होई. त्या हॉलच्या, त्या संध्याकाळच्या २० नोंदीच मागवायच्या, एवढ्या दुरुस्तीने प्रश्न मिटला.

'तुमचा दर्जा काय?' असे विचारल्यावर जवळजवळ प्रत्येक जण 'मध्यम' लिहितो. त्याऐवजी 'महाविद्यालयाच्या संघातून खेळला आहात का?' असे विचारले की उत्तर खरे येते. टांग देणाऱ्यांवर मात्र प्रश्नावलीचा उपाय चालला नाही. सामन्याच्या दोन तास आधी 'येणार ना?' अशी सूचना पाठवायची आणि अर्ध्या तासात होकार न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला द्यायची, हा नियम केल्यावरच बाक रिकामा राहू लागला.

प्ले स्टोअरचे वेळापत्रक आधीच आखावे. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आम्ही ते दिवस नेमके जर्नल तपासणीच्या पंधरवड्यात धरले, जेव्हा हॉस्टेलमध्ये रॅकेटची धूळसुद्धा कुणी झटकत नाही. तीन जण मध्येच बाहेर पडले, आणि १४ दिवसांची मोजणी आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली.