पहिल्या महायुद्धात मेलेल्या मराठवाड्यातल्या शिपायाचे वंशज कसे शोधायचे

शिपाई मेला 1916च्या आसपास, आणि निजामाच्या राज्यात असलेल्या त्याच्या गावातला सहज हाती लागणारा जमिनीचा कागद बहुधा सुरू होतो 1954-55च्या खासरा पत्रकापासून. मधली जवळपास चाळीस वर्षं हीच खरी अडचण. म्हणून एकाच टोकाने चालत सुटू नका. मेलेल्या माणसाकडून पुढे या आणि आजच्या भावकीकडून मागे जा. दोन्ही वाटा ज्या माणसापाशी भेटतात, तो पक्का करायचा.

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर करा, शोध मोफत आहे. इराकमधल्या बसरा किंवा फ्रान्समधल्या नव्ह शापेल स्मारकावरच्या नोंदीत रेजिमेंट, नंबर, मृत्यूची तारीख आणि कधी कधी बापाचं नाव, गाव, जिल्हा मिळतो. आधी आडनाव टाकू नका. जाधवचं स्पेलिंग शेवटी ‘ओ’ लावूनही सापडतं. रेजिमेंट आणि गाव यांवरून शोधा: 103, 110 किंवा 117 मराठा, 97 डेक्कन इन्फन्ट्री, 20 डेक्कन हॉर्स. नोंदीखाली मूळ रजिस्टरच्या पानाचं स्कॅन असेल तर तेही उघडा, टाइप करताना गावाचं नाव बिघडलेलं असू शकतं.

पत्ता आजच्या नकाशावर बसवताना जपून. ‘भीर’ म्हणजे बीड, ‘मोमिनाबाद’ म्हणजे अंबाजोगाई. ‘औरंगाबाद’ जिल्ह्यातलं गाव आज जालन्यात असू शकतं (1981), ‘उस्मानाबाद’चं लातुरात (1982), ‘परभणी’चं हिंगोलीत (1999). मोमिनाबाद आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने ठेवलेली, ब्रिटिश अधिकाऱ्यांखालची फौज) छावण्या होत्या, त्यामुळे नुसतं ‘हिंगोली’ लिहिलं असेल तर ते जन्मगाव की पलटणीचं ठाणं, हे आधी ठरवा. वडगाव, पिंपळगाव तर कितीतरी तालुक्यांत. तालुका कळेपर्यंत गावाला जाऊ नये.

मग तहसीलचा अभिलेख कक्ष. नकलेच्या अर्जात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जुने फेरफार आणि 1951चं राष्ट्रीय (नागरिक) रजिस्टर असं नाव घालून मागा. ‘जुने कागद द्या’ म्हटलं की काहीच मिळत नाही. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडे बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले आहेत, ते आधी चाळा. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरणाचा 9(3) 9(4) उतारा काढा.

निजामकाळचा कागद उर्दूत असतो, काही मोडीत. त्यातल्या फसली, म्हणजे महसुली सालात साधारण 590 मिळवा: 1326 फसली म्हणजे 1916-17. घाईच्या उर्दू अक्षरात लिहिणारा नुक्ते (टिंबं) गाळतो. ‘बे’ला एक नुक्ता आणि ‘पे’ला तीन, ते गेले की बापू आणि बाबू एकच दिसतात. म्हणून वाचणाऱ्याला तुम्ही शोधत असलेलं नाव आधी सांगू नका, नाहीतर तो तेच वाचून देईल.

तरुण शिपाई अनेकदा निपुत्रिक जायचा, बायकोने पाट (दुसरं लग्न) लावलेला असायचा, आणि त्याचा हिस्सा भावांच्या नावात मिसळून जायचा. तेव्हा त्याचे भाऊ आणि बहिणी शोधा, वंश तिथून सापडतो. लेकींच्या बाजूसाठी 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे वारसाचे फेरफार आणि हक्कसोडपत्रं यांच्याइतका चांगला कागद नाही. हक्क सोडताना बहिणीचं सासरचं नाव, गाव आणि अनेकदा वयही लिहिलेलं असतं. लोक हे कागद वाचायचे टाळतात आणि अर्धा वंश गमावतात.

मधल्या चाळीस वर्षांसाठी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि त्र्यंबकेश्वर किंवा पैठणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. वही गाव आणि आडनावाने निघते. मृताच्या पिंडदानाला कोण आलं होतं, त्याच्यासोबत कोण होतं, हे त्यात सापडू शकतं.

सगळ्यात जास्त चुका नावातून होतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच भावकीत ‘रामा विठोबा’ एक पिढी सोडून पुन्हा येतो. 1954च्या कागदातला विठोबा हा शिपायाचा बाप नसून पुतण्या असायची शक्यता मोठी. प्रत्येक नावापुढे अंदाजे जन्मसाल लिहा, बाप-लेकात 16 वर्षांपेक्षा कमी अंतर आलं की तिथे चूक आहे. नातं दोन वेगळ्या कागदांनी जुळल्याशिवाय वंशावळीत शाईने लिहू नका.

घरात पदक असेल तर त्याची कड भिंगातून पाहा. चांदीच्या युद्धपदकाच्या काठावर नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते, आणि नंबर व पलटण दोन्ही कमिशनच्या नोंदीशी जुळले तर वाद संपला. मेलेल्याच्या घरी 12 सेंटिमीटर व्यासाची कांस्य तबकडीही पाठवली जायची. तिच्यावर सिंह आणि शिपायाचं नाव असतं, पण हुद्दा किंवा नंबर नसतो, त्यामुळे एकट्या तबकडीवर भिस्त ठेवू नका. चांदीची पदकं पुष्कळ घरांत मोडीत गेली, तबकडी मात्र जुन्या पेटीत राहिलेली असू शकते.

गावात गेल्यावर ‘वारस शोधतोय’ असं म्हणू नका. तो शब्द ऐकला की लोकांना जमिनीची वाटणी आठवते आणि म्हातारी माणसं तोंड मिटतात. सरपंच किंवा पोलीस पाटलांना सोबत घ्या, ‘लढाईत गेलेल्या माणसाची माहिती जुळवतोय, जमिनीशी संबंध नाही’ हे आधी सांगा आणि नोंदीची छापील प्रत हातात द्या. पेन्शन किंवा पैशाचा उल्लेख टाळा. जिवंत माणसांची नावं आणि नंबर त्यांच्या होकाराशिवाय कुठेही टाकू नका.