पुण्यात राहून गावच्या पुळणीची धूप कशी मोजावी

कोकणातल्या वाडीवर गेलं की ‘समुद्र पुढे आला’ हे ऐकू येतं. किती आला, ते मात्र सहसा कुणी मोजलेलं नसतं. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, दिवाळीनंतर ती बरीचशी परत येते. त्यामुळे गणपतीतली पुळण (वाळूचा किनारा) मे महिन्यातल्या पुळणीशी ताडून काही कळत नाही. मेची तुलना मेशीच करावी.

निघण्यापूर्वी गूगल अर्थ प्रोवर जुन्या प्रतिमा बघून घ्या. पाण्याची कड भरती-ओहोटीप्रमाणे हलते, तिच्यावरून मोजू नका. सुरूची, केवड्याची किंवा वाळूवर पसरणाऱ्या मर्यादावेलीची समुद्राकडची कड धरा.

साहित्य थोडंच लागतं. टिंबर मार्केटमधून दीड मीटरच्या दोन सरळ पट्ट्या घ्या आणि वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा, शून्य माथ्यावर. पायाला प्लायवूडची चकती ठोका, नाहीतर पट्टी वाळूत रुतते. अंतरासाठी दोन मीटरचा बांबू घ्या (नायलॉनची दोरी ताणली जाते) आणि एक ओळंबा.

ओहोटीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा अंदाजे तास. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. उधाणाचे दिवस हेच, पुळण सर्वांत जास्त उघडी पडते, आणि संध्याकाळसारखं ऊन डोळ्यांवर येत नाही.

सुरुवात घराच्या जोत्यापासून किंवा विहिरीच्या कठड्यापासून करा. सुरूच्या झाडापासून नको. पुढच्या पावसात तेच आडवं व्हायचं! पट्ट्या समुद्राच्या रोखाने दोन मीटरवर उभ्या धरा, ओळंब्याने तपासा. उतार असेल तर पुढच्या पट्टीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत आणा. ती रेषा मागच्या पट्टीला जिथे छेदते तो आकडा म्हणजे उतार. चढ असेल तर मागच्या माथ्यावरून बघून पुढच्या पट्टीवर वाचा. मग मागची पट्टी पुढच्याच्या जागी, असं पाण्यापर्यंत. आकडे बेरीज करत कागदावर काढले की पुळणीचा छेद तयार. धुकट हवेत क्षितिज दिसत नाही, तेव्हा मोजणी पुढे ढकला.

निदान तीन मे महिन्यांचे छेद हाती असल्याशिवाय बंधाऱ्याची मागणी करू नये. दगडी बंधारा त्याच्यामागची जमीन राखतो, पण पायथ्याची वाळू खरवडली जाते आणि टोकाला लागून असलेल्या शेजाऱ्याची वाडी जास्त कापली जाते. अशा बांधकामांच्या प्रतिकृतींवर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात चाचण्या होतात, त्या याचसाठी. आधी वाळूउपसा थांबवणं आणि मर्यादावेल न उपटणं स्वस्त पडतं.

विहिरीचं पाणीही टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवतो) बघा. पिण्याला 500 पर्यंत ठीक, 2000 च्या वर नकोच. एप्रिल-मेमध्ये आकडा चढला तर लगेच समुद्राला दोष देऊ नका. पंप जास्त चालवला तरी खारं पाणी वर ओढलं जातं. दोन दिवस पंप बंद ठेवून पुन्हा मोजा.