हात धुण्यापासून सुरू करा: ऑटिझमचं संशोधन वर्गात आणताना

प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेट मिळालं, फाइल कपाटात गेली. असं होतं, कारण सोमवारी आपण सगळंच एकदम सुरू करतो आणि गुरुवारपर्यंत दमतो.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या अभ्यासगटाने १९९० ते २०१७ मधलं संशोधन चाळून २०२० मध्ये ऑटिझमसाठी पुराव्यावर टिकलेल्या २८ पद्धतींची यादी काढली. त्यातल्या दोनच घ्या. एक मूल, एक कौशल्य. समजा, डब्याआधी हात धुणं. पद्धती टास्क अ‍ॅनालिसिस (कामाचे छोट्या पायऱ्यांत तुकडे करणं) आणि टाइम डिले (मदत देण्याआधी ठरावीक सेकंद थांबणं).

आधी स्वतः बेसिनपाशी हात धुवा आणि पायऱ्या लिहा: बाह्या वर, नळ सुरू, हात ओले, साबण, चोळणं, साबण धुऊन काढणं, नळ बंद, पुसणं. आठ झाल्या. शाळेत दुपारी पाणी जात असेल तर बादली-मगाची यादी वेगळी करा. नळावर शिकलेलं मूल मगापाशी अडतं आणि आपण ‘हट्टी’ लिहून मोकळे होतो.

पहिले तीन दिवस शिकवू नका, फक्त मोजा. पाच सेकंदांत पायरी जमली तर अधिक, नाहीतर उणे. ती पायरी गुपचूप आपण करून पुढे जा. ही बेसलाइन, म्हणजे शिकवण्याआधीची नोंद. ती नसेल तर महिन्याने ‘बरीच सुधारणा’ एवढंच म्हणता येतं, जे काहीच सांगत नाही.

मग दोन दिवस शून्य सेकंद: प्रत्येक पायरीला मागे उभं राहून लगेच हाताला हात लावून मदत. हात धरलेला आवडत नसेल तर जबरदस्ती नको, बोटाने दाखवा. तिसऱ्या दिवसापासून चार सेकंद थांबा, मगच मदत. चार सेकंद फार मोठे वाटतात. मनात मोजा, नाहीतर दीडलाच हात पुढे जातो. थांबण्यात चुका वाढल्या तर एक दिवस पुन्हा शून्यावर या. नोंद दोनच अक्षरांत: स्वतः केलं तर ‘स्व’, मदतीने केलं तर ‘म’.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बोलण्याने. ‘साबण लाव रे, लाव ना’ ही सवय मुलाला लागते आणि सुटत नाही. मग सूचनेशिवाय हात हलत नाही. म्हणून वर्गातल्या मावशींना पहिल्याच दिवशी दहा मिनिटं देऊन हे दाखवा. बोलणं बंद, चित्रं चालू. चित्रं म्हणजे त्याच बेसिनचे फोटो, लॅमिनेट केलेले. जुलैच्या दमटपणात वेल्क्रो टाइल्सवरून गळून पडतं, त्यामुळे भोक पाडून दोरीत ओवा. बक्षीस म्हणून चॉकलेट कशाला? समोर डबा आहे.

शुक्रवारी ‘स्व’ मोजा. पाच दिवसांत आकडा हलला नाही तर कुठल्या पायरीवर अडतंय ते बघा, बरेचदा साबणावर. निसटती वडी काढून पंपाची बाटली ठेवा. तरीही नाही, तर सहकारी ताईंना पाहायला बसवा: आठपैकी किती पायऱ्यांना आपण खरंच चार सेकंद थांबलो? सहाच्या खाली असेल तर पद्धत फसली म्हणू नका, ती अजून वापरलेलीच नाही.

सलग तीन दिवस आठपैकी सात ‘स्व’ आले की आईकडून घरच्या मोरीचा फोटो मागवा. तिथे पायऱ्या बदलतील, तेव्हा यादी आईबरोबर बसूनच नव्याने लिहा.