‘चार्ज’ म्हणजे नेमका कुठला चार्ज? कागदावरचा अर्थ कसा ओळखायचा

मागच्या वर्षी सकाळी सकाळी आत्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला. आदल्या दिवशी बँकेचं इंग्रजी पत्र आलं होतं, शेजारच्या पोराने वाचून सांगितलं की तुमच्या जमिनीवर चार्ज आहे, आणि आत्याला चार्ज म्हटलं की टीव्हीवरची चार्जशीटच आठवते, म्हणून ती रात्रभर जागी. ‘अरे केस झाली का रे आपल्यावर?’ मी व्हॉट्सॅपवर फोटो मागवला, बघतो तर आतेभावाने ठिबकसाठी कर्ज काढलेलं, जमीन तारण दिलेली, त्याचंच साधं पत्र. चार्ज म्हणजे बोजा. बँकेने एवढा एक शब्द मराठीत लिहिला असता तर म्हातारीची झोप गेली नसती, याचा मला अजून राग येतो.

म्हणून मी जसा अर्थ लावतो ते सांगतो, करून बघा.

आधी शब्दाचं मूळ धरा. लॅटिनमध्ये चाकाच्या गाड्याला ‘कारस’ म्हणायचे, त्यावरून गाड्यात माल लादणे असं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन चार्ज झालं. कार आणि कार्गो याच घरातले. म्हणजे मुळात चार्ज म्हणजे लादणं, ओझं ठेवणं. आता आपले शब्द बघा, बोजा, कार्यभार, विद्युतप्रभार, सगळ्यात ओझंच आहे, आणि ‘आरोप’सुद्धा संस्कृतात वर चढवणे, ठेवणे यावरूनच आलाय. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता. त्यामुळे चार्ज दिसला की एकच विचारायचं, कोणी, कोणावर, काय ठेवलंय?

मग कागद कुणाचा आहे ते बघा. वीजबिल असेल तर चार्ज म्हणजे आकार. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असं बिलावर मराठीत छापलेलंच असतं. घर महिनाभर बंद असलं तरी स्थिर आकार येतो, तो वापराचा नसून जोडणीचा आहे. त्याच बिलावरचं ‘वीज शुल्क’ मात्र सरकारचा कर आहे, आणि ‘मंजूर भार’ म्हणजे तुम्हाला किती किलोवॅटपर्यंत परवानगी आहे ते, तो चार्ज नाही.

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो कर नाही हे लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार.

बँकेच्या कागदावर मी एक खूण बघतो. ‘चार्जेस’ असं अनेकवचन असेल तर बहुतेक वेळा खात्यातून कापलेले पैसे, एसएमएसचे, चेकबुकचे वगैरे. आणि नुसता एकवचनी ‘चार्ज’, त्यातही मालमत्तेवर, असेल तर बोजा.

पोलीस-कोर्टाचा कागद असेल तर घाई करू नका, इथे दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच समजतो. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, पोलीस दाखल करतात, तपासात काय सापडलं ते कोर्टाला सांगायला. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली येतं. पण ‘चार्ज फ्रेम झाला’ म्हणजे कोर्टाने स्वतः कागद बघून आरोप निश्चित केले, खटला आता चालणार. चार्जशीट आली म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला असं अजिबात नाही, गावात मात्र तेवढ्यावरच सोयरीक मोडतात. आरोपी कोठडीत असेल तर 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर 90 दिवसांत चार्जशीट यावी लागते, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो.

ऑफिसात ‘साहेबांनी चार्ज घेतला’ म्हणजे पदभार, ‘अ‍ॅडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. मोर्च्याच्या बातमीत लाठीचार्ज, म्हणजे लाठीमार. इथे फार डोकं लावायला नको.

विज्ञानाच्या पुस्तकात चार्ज म्हणजे विद्युतप्रभार, कुलोम या एककात मोजतात. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, फोन चार्ज होतो तेव्हा बॅटरीत जास्तीचा प्रभार साठत नाही. एका बाजूने जितके इलेक्ट्रॉन जातात तितकेच दुसऱ्या बाजूने बाहेर येतात, साठते ती ऊर्जा, रासायनिक रूपात. बोलताना आपण चार्ज भरला म्हणतो ते ठीक, पण परीक्षेत तसं लिहू नका.

आता ‘डिस’ लागला असेल तर ओझं उतरवा. दवाखान्यातून डिस्चार्ज म्हणजे घरी सोडलं, जखमेतून डिस्चार्ज म्हणजे स्राव, धरणातून डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, पावसाळ्यात कोयनेच्या बातम्यांत क्युसेकमध्ये सांगतात तोच. कोर्टात डिस्चार्ज म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच दोषमुक्त, आणि पुरावे तपासून सुटला तर ती निर्दोष मुक्तता, दोन्ही एक नाहीत.

शेवटी, बोजा असेल तर तो कागदावरून उतरवून घ्या. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप जाईल असं धरू नका. बँकेकडून कर्ज फिटल्याचं, बोजा कमी करण्याचं पत्र घ्यायचं, तलाठ्याकडे द्यायचं, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यातून बँकेचं नाव गेलंय का ते स्वतः बघायचं. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी तर रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत आणि नोंदवलेला चार्ज काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

आत्याच्या कर्जाचे अजून दोन हप्ते बाकी आहेत. पत्र तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय, वरच्या कोपऱ्यात पेनने ‘बोजा’ लिहून.