पोहता येतं म्हणून पुरात उतरू नका

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट अशा वस्त्यांत लोक झोपेत असतानाच तळमजल्यावर पाणी शिरलं. अशा वेळी बोट पोचण्याआधी धावून येतात ती शेजारची, मंडळाची पोरं. प्रशिक्षण नसताना त्यांनी काय करावं, काय अजिबात करू नये आणि शिकायचं तर नेमकं काय, हे इथे लिहिलं आहे.

आधी पाण्याचा वेग मोजा

तलावात तासभर पोहणारा माणूसही वाहत्या पाण्यात एका जागी उभा राहू शकत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पाणी चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने वाहत असेल, तर नुसत्या पायांवर साधारण ७-८ किलोचा आणि सगळ्या अंगावर १५ किलोचा रेटा बसतो. वेग १० झाला की हेच आकडे ३० आणि ६० होतात. हा रेटा एका क्षणापुरता नसतो, तो थांबतच नाही.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर १० मीटरच्या दोन खुणा धरा आणि वरच्या अंगाला पाण्यात काडी टाका. ती ७ सेकंदांत दुसऱ्या खुणेपाशी पोचली, तर वेग ताशी ५ किलोमीटर. साडेतीन सेकंदांत पोचली तर १०, आणि तिथे पाय टाकायचा विचारही नको. जोराच्या पाण्यात १५ सेंटिमीटर खोलीवरही मोठा माणूस पडू शकतो. ३० सेंटिमीटरला छोटी कार हलू लागते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. जिल्ह्यातल्या रपट्यांवर (कमी उंचीच्या पुलांवर) 'एवढंसं तर पाणी आहे' म्हणत गाडी घालणारे नेमके इथेच फसतात. वरून पाणी दिसतं, खालचा रस्ता उखडला आहे की नाही ते दिसत नाही.

न दिसणाऱ्या जागा

वाहत्या पाण्यात उभं राहण्याची धडपड हीच सगळ्यात मोठी चूक. दगडाच्या फटीत किंवा तुटलेल्या स्लॅबच्या सळईत पाय अडकला की पाणी मागून ढकलतं, माणूस तोंडावर पडतो आणि गुडघाभर पाण्यातही बुडतो. चुकून वाहत गेलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर, आणि हातांनी तिरकं काठाकडे सरका.

याला एक अपवाद आहे. समोर अडकलेलं झाड, तारेचं कुंपण किंवा पुलाखालची जाळी दिसली, तर पाय पुढे ठेवू नका. पाणी तिच्यातून निघून जातं, माणूस चिकटून राहतो. आधी जोर लावून बाजूला व्हा. ते जमणारच नसेल तर पालथे व्हा, डोकं पुढे करून त्या दिशेनेच जोरात पोहा आणि अंग तिच्यावर चढवा.

शहरात नाग नदीला बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आहेत. काठाला लागलं तरी वर चढायला जागा नसते आणि पुढचा पूल किती खाली आहे ते अंधारात कळत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर पाणी उलटं फिरून माणसाला परत परत भिंतीकडे ओढतं. तिथे फेसात हवा मिसळलेली असते, म्हणून लाइफ जॅकेटसुद्धा पुरेसं वर उचलत नाही. तिथे प्रशिक्षित पथकही थेट आत शिरत नाही.

रस्त्यावरचं पाणी स्थिर दिसलं तरी चेंबरचं झाकण निघालेलं असू शकतं. जावंच लागलं, तर गुडघ्याखालच्या थांबलेल्या पाण्यातच, दीड-दोन मीटरच्या बांबूने पुढची जमीन ठोकत, पाय न उचलता घासत चाला.

वीज हा वेगळा धोका. महावितरणने लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत डीपी, मीटरची खोली आणि पथदिव्याच्या खांबापासून दूर राहा. लाइन बंद झाली तरी घरातला इन्व्हर्टर, जनरेटर आणि छतावरचे सोलर पॅनेल चालूच असू शकतात. पायांना मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लांब ढांगा न टाकता पाय जवळजवळ ठेवून आल्या वाटेने मागे फिरा.

काठावरून होणारं काम

बचावाचा क्रम ठरलेला आहे: आधी आवाज द्या, मग काठी पोचवा, मग दोरी फेका, मग बोट, आणि पाण्यात उतरणं अगदी शेवटी, तेही प्रशिक्षित माणसाने. बहुतेक वेळा पहिल्या तीनांत काम होतं, पण आपल्याकडे सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते.

झाडाला किंवा खांबाला धरून बसलेल्या माणसाला आधी सांगा, 'सोडू नका, हलू नका, माणसं येत आहेत.' घाबरून त्याने हात सोडले की पुढचं काम दहापट अवघड होतं. तेवढ्यात दुसऱ्याने ११२ किंवा १०१ लावावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

दोरी पाण्यावर तरंगणारी हवी. पॉलिप्रॉपिलीनची, ८ ते १० मिलिमीटर जाडीची, १५ ते २० मीटर लांब. काथ्याची किंवा सुती दोरी भिजून जड होते आणि बुडते. थ्रो बॅग (दोरी भरलेली, फेकायची पिशवी) नसेल तर पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये कपभर पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा आणि दोरी मुठीला बांधा. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, म्हणून ते पाणी.

फेकण्याआधी खाली बसा किंवा पाय रोवून उभे राहा, दोरीचं टोक हातात धरा, 'दोरी!' म्हणून ओरडा आणि त्याने तुमच्याकडे पाहिल्यावरच फेका. नेम त्याच्यावर नाही, त्याच्या थोडा पलीकडे धरा, म्हणजे दोरी खांद्यावर पडते. पकडणाऱ्याने पाठीवर होऊन दोरी छातीशी धरावी. मनगटाला गुंडाळायची नाही, त्यानेही नाही आणि तुम्हीही नाही. ताण आला की तो गोल वळत तुमच्याच काठाला, पण तुमच्या खालच्या अंगाला लागतो. म्हणून तो कुठे येऊन टेकेल ते फेकण्याआधीच बघा. तिथे उभी भिंत असेल तर दोरी फेकून उपयोग नाही. पायऱ्या किंवा उतार असलेली जागा शोधा. पहिला फेक चुकला तर पिशवी पुन्हा भरत बसू नका. दोरी सैल वेटोळ्यांत गोळा करा, पिशवीत थोडं पाणी भरा आणि लगेच फेका.

एक माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला ५०-१०० मीटरवर उभा करा, वाहून येणारे ओंडके, सिलिंडर पाहायला. दुसरा खाली, दोरी घेऊन, दोरी फेकणाऱ्याच्या हातून सुटलं तर. शिट्टीच्या खुणा आधीच ठरवा. एक म्हणजे थांबा, इकडे बघा. दोन म्हणजे वर लक्ष. तीन म्हणजे खाली. पुन्हा पुन्हा तीन म्हणजे संकट. पावसाच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही. २०२३ च्या पुरात मूकबधिर शाळेतल्या सुमारे ४० मुलांनाही बाहेर काढावं लागलं होतं, तेव्हा हातांच्या खुणा आणि टॉर्च सोबत असूच द्या.

या गोष्टी करूच नका

कमरेला दोरी बांधून माणूस पाण्यात सोडणं सर्रास चालतं. वरून धरणाऱ्यांना वाटतं, वाहिला तर ओढून घेऊ. प्रत्यक्षात दोरी ताणली की पाणी पाठीवर चढतं आणि त्याला खाली दाबतं, गाठ ताणाखाली सुटत नाही, आणि काठावरचे जितकं ओढतात तितका तो खोल जातो. प्रशिक्षित बचावकर्ता दोरी लावतो ती ओढताच सुटणाऱ्या पट्ट्याच्या खास जॅकेटला.

नाल्यावर आडवी, सरळ काटकोनात दोरी बांधू नका. माणूस तिच्या मध्यावर अडकतो आणि दोरीचा व्ही होतो. ती प्रवाहाला साधारण ४५ अंशांत तिरकी हवी, म्हणजे माणूस घसरत खालच्या काठाला जातो.

मानवी साखळी वाहत्या पाण्यात नको. एकाचा पाय सुटला की ओढ साखळीभर जाते.

ट्रकच्या ट्यूबवर भिस्त ठेवू नका. ती फुटायला टिनाच्या पत्र्याचा एक कोपरा पुरतो. अग्निशमनाचे गमबूट, जड कोट आणि रेनकोटही पाण्यात उतरताना अंगावर नकोत.

पाणी येण्याआधीचं काम

२०२३ च्या मृतांत घरातून बाहेर पडू न शकलेल्या वृद्ध महिला होत्या. गल्लीत कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोण एकटं राहतं, याची यादी मंडळाकडे असावी आणि तलाव भरल्याची सूचना येताच त्यांना वरच्या मजल्यावर न्यावं. प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीत बसवून, दोघांनी धरून, जिन्यात पाठ वरच्या बाजूला ठेवून नेता येतं. थांबलात तर काय होतं बघा: तीन फुटी दरवाज्याबाहेर ६० सेंटिमीटर पाणी आणि आत कोरडं असेल, तर बाहेर उघडणाऱ्या दारावर सुमारे १६० किलोचा दाब असतो.

प्रशिक्षण कुठे, कसलं

नागपूर या बाबतीत नशीबवान आहे. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी, राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथेच आहेत, एसडीआरएफची (राज्याच्या अशाच दलाची) तुकडीही. तिथले बरेच अभ्यासक्रम सेवेतल्या लोकांसाठी असतात. सामान्य स्वयंसेवकाला 'आपदा मित्र' योजनेतलं १२ दिवसांचं प्रशिक्षण जवळचं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागात चौकशी करा.

कोणी एका दिवसात, जलतरण तलावात शिकवून प्रमाणपत्र देत असेल तर ते प्राथमिक ओळखीपुरतं समजा. खरी कसोटी वाहत्या पाण्यात लागते. जॅकेट-हेल्मेटसह पाठीवरचं पोहणं, अडथळ्यावरून चढणं, चालत्या लक्ष्यावर दोरी फेकणं, सुटणारा पट्टा ताणाखाली उघडणं, बोट उलटल्यावर सरळ करणं, हे सगळं हाताने केलेलं हवं, आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा.

बाहेर काढल्यावर

पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं बंद करा. पाणी निघत नाही, वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास असं चालू ठेवा. मोठ्या माणसात दाब ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. शुद्धीवर आलेला माणूस खोकत असेल किंवा धाप लागत असेल तर १०८ बोलवून रुग्णालयात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.

तुम्ही स्वतः साबणाने अंघोळ करा, जखमा धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. गटार मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो टाळायला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायचं की नाही ते डॉक्टरला विचारा, मनाने घेऊ नका. पुढच्या महिनाभरात ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, तर पुराच्या पाण्यात उतरला होतात हे डॉक्टरला आधीच सांगा.